लाईट येईपर्यंत चालणारा इन्व्हर्टर

हल्ली कुणीही कुठून टीव्ही, फ्रिज आणला की एकच रड असते. ‘दुकानातल्यांना काही म्हणजे काही माहीत नसतं.’ मी चहा पीत राहते. कारण पनवेलच्या बाजारात अशाच एका दुकानात मी सहा वर्षं तक्रारीच्या काउंटरला होते. असे किस्से खुर्चीवरच्या कपड्यांसारखे साठतात. घडी घालायला बसलं की संपत नाहीत.

मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. सेल्समध्ये दिनेश. गोरागोमटा, कडक इस्त्री, आणि कुठल्याही प्रश्नाला अडखळणं नाही. खोक्यावर छापलंय तेवढंच त्याला ठाऊक, पण बोलायचा असा की जणू यानेच मशीन बनवलंय. शेठ आम्हाला रोज दम द्यायचे, “बड्या कंपनीची डीलरशिप आहे म्हणून दुकान आहे. खारघरच्या मॉलवाले टपून बसलेत. ती गेली ना, तर पहिला हा तक्रारीचा काउंटर उठेल.” घरात कमावती मी एकटी. दिनेशने तोंड उघडलं की मी तक्रारवही पुढे ओढायचे.

*

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं आणि इन्व्हर्टर वडापावसारखे खपायचे. कामोठ्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, “लाईट गेल्यावर हा किती वेळ चालतो?”

दिनेश म्हणाला, “लाईट येईपर्यंत.”

गृहस्थ खूश. घेऊन गेले. चौथ्या दिवशी माझ्यासमोर हजर. “अहो बाई, लाईट यायच्या आधीच बंद पडला.”

मी दिनेशकडे बघितलं. तो शांतपणे म्हणाला, “मग लाईट उशिरा आली असणार. ती तक्रार वीज मंडळाकडे.”

आणि ते गृहस्थ खरंच वीज मंडळात गेले हो!

*

एलसीडी टीव्ही नवे होते. दुकानात सगळ्यांवर कंपनीची डेमो सीडी लावलेली असायची. निळा समुद्र, त्यात रंगीत मासे. एक निवृत्त मास्तर टीव्ही घेऊन गेले आणि दोन दिवसांत परत आले. “दुकानात दिसत होतं तसं घरी दिसत नाही.”

आता केबलचं चित्र तसं कुठून दिसणार? पण हे समजावून सांगायला ते आधी माहीत हवं. दिनेशने सरळ डेमो सीडी काढून त्यांच्या हातात ठेवली.

पंधरा दिवस शांतता. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात मास्तर दारात. हातात तीच सीडी.

“हे मासे बघून झाले. दुसरे आहेत का?”

*

माल पोचवायचा दुकानाने, पण खोकं उघडायचं कंपनीच्या माणसाने. आधी हात लावला तर वॉरंटी गेली, हे एक वाक्य मात्र दिनेशला तोंडपाठ होतं. एका बाईंना वॉशिंग मशीन देताना त्याने ते इतकं ठासून सांगितलं की त्या घाबरल्याच. कंपनीचा माणूस महिनाभर उगवला नाही. मी फोन करून करून थकले.

शेवटी बाईंचाच फोन आला. आवाज अगदी गोड. “दसऱ्याला खोक्याची पूजा केली हो. हार घातला. आता तुमचा माणूस दिवाळीच्या आत आला तर बरं, नाहीतर खोक्यालाच उटणं लावू.”

मी माफी मागितली. दिनेश म्हणाला, “बघा, कस्टमर किती जपतात आपला माल.”

*

आणि मग तो आठवडा आला. शेठना आतून खबर लागली, की कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून येणार आणि त्याच्या रिपोर्टवर डीलरशिप ठरणार. शेठ सकाळीच देवाला नारळ फोडून आले.

अकराच्या सुमाराला उरणकडची एक मावशी आली. बाजारात मासे विकणारी, रिकामी टोपली सोबत. फ्रिजसमोर उभी राहिली आणि सुरू झाली. “लाईट गेली तर म्हावरा किती तास टिकंल? दुधाला वास लागंल का नाय? दरवाज्याचा रबर फाटला तर कोन बदलनार, तुमी का कंपनी?”

दिनेश धावत माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक. “मॅडम, हीच ती. गिऱ्हाईक असले प्रश्न विचारत नाही. वेषांतर आहे. टोपलीसुद्धा आणलीय.”

खरं सांगते, मलाही पटलं. शेठनी स्वतः खुर्ची पुसून दिली. पंखा तिच्याकडे वळवला. मी कोकम सरबत केलं. कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावून तिच्या एकेका प्रश्नाचं खरं उत्तर मिळवलं. दुकानाच्या इतिहासात प्रथमच. मावशी म्हणाली, “लय चांगली मानसं हाव तुमी,” आणि दुसरा ग्लास घेतला.

इतक्यात चष्मा लावलेले, साध्या शर्टातले एक गृहस्थ आले. फ्रिजवरच्या ताऱ्यांच्या स्टिकरकडे बोट दाखवून विचारलं, “हे चार आणि पाच स्टारमध्ये फरक काय?”

दिनेशने त्यांना हळूच बाजूला घेतलं. “साहेब, तुम्ही उद्या या. आज आमची गडबड आहे. कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून येणार होता.”

“मग? आला का?”

“आल्यात. त्या काय, सरबत पितायत.”

गृहस्थांनी मावशीकडे नीट पाहिलं. खिशातून छोटी डायरी काढली. “बाकीच्या गिऱ्हाइकांना पण देता का सरबत?”

“छे हो. बाकीच्यांना कोण विचारतो?”

ते लिहायला लागले, पण त्यांचं पेन उमटेना. दिनेशने तत्परतेने आपल्या खिशातलं काढून दिलं.