ह्यांच्या नावाचा

"सून मुकी मिळाली असती, तर पोरगं आज घरात असतं!"

सासूबाई शेजारणीला हळूच सांगत होत्या. भिंतीआड मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

लग्न करून होटगीत येऊन मला पाचच महिने झाले होते, पण किस्से पाच वर्षं पुरतील एवढे जमले! हसत सांगायला घ्यावेत, तर निम्म्यात रडू फुटतं.

*

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. त्यात ह्यांचं नाव देवाचं. भाद्रपदात घरोघर तेच देव बसले आणि माझी पंचाईत झाली!

शेजारणीनं मुद्दाम विचारलं, "काय गं, कोन बसलंय तुमच्याकडं?"

"सोंडेचे," मी म्हणाले.

सासूबाई खूश. "मास्तराची लेक असली तरी वळण हाय की!"

*

घाणेवाले मल्लप्पा घाण्यामागं मरून पडलेले सापडले. डोकं फुटलेलं. त्याच दुपारी मी तेलाला गेले होते. आत घाण्याच्या वाटणीवरून कडाक्याचं भांडण चाललं होतं. मग एक माणूस हातात दांडकं घेऊन मागच्या दारानं पळाला. तो मल्लप्पांचा पुतण्या, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा ठाऊक होतं ते एवढंच, की मल्लप्पा त्याला नावानं हाक मारत होते. आणि ते नाव नेमकं आमच्या ह्यांचं!

चौकीचे शिपाई दौलतराव जबानीला घरी आले. पेन्सिल जिभेला लावून म्हणाले, "भिऊ नका वैनी. कोन व्हता?"

पदर सावरून मी म्हणाले, "ह्यांच्या नावाचा."

"ह्यांचं नाव काय वो म्हातारे?"

"गणपा की," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

दौलतरावांनी लिहून घेतलं. आणि संध्याकाळी ह्यांनाच धरून नेलं!

हे त्या दुपारी रानात एकटेच होते. साक्षीला फक्त बैल.

*

"ते नव्हेत, दुसरा कुणी!" मी चावडीवर जाऊन रडले.

"पयल्यांदा खरं बोललात," दौलतराव म्हणाले, "आता नवरा वाचवायला बघताय. समद्या बायका तसंच करत्यात."

गजाआड हे भाकरी खात बसले होते. परवा सोलापूरला नेणार, पुढं फाशीच, असं अख्खं गाव म्हणत होतं. ह्यांनी घास तसाच धरून माझ्याकडं पाहिलं.

"काय गं, माझं नाव घेतलंस म्हनं. पयल्यांदाच घेतलंस, अन् ते बी खुनात?"

खरं काय ते सांगायचं, तर त्यात नावच आलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच दौलतराव दारात. टोपी हातात, चेहरा उतरलेला.

"वैनी, आमची मंडळी मरताना सुद्धा मला 'अवो'च म्हनली. नाव न्हाय घेतलं. मग तुमी जितेपनी नवऱ्याचं नाव कशाला घ्याल? त्ये बी शिपायाम्होरं?" त्यांनी कागद उघडला. "तुमी 'ह्यांच्या नावाचा' म्हनलात, म्हंजी त्याच नावाचा दुसराच कुनी. मी 'चा' खाल्ला की वो! एका 'चा'पायी मानूस फासावर चाललाय!"



*

फौजदारसाहेब सोलापूरहून आले. दौलतरावांनी गावातले सगळे गणपा चावडीवर ओळीनं उभे केले. सात निघाले! आठवा कुंभारीला सासरवाडीस गेला होता. त्यालाही बोलावणं धाडलं, तो जेवता जेवता उठून आला.

एका टोकाला हे. तीन दिवसांत निम्मे झालेले. माझ्याकडं बघेनात.

मी मधल्या, लाल पागोट्याच्या माणसाकडं बोट दाखवलं.

"बाई, कागदावर बोट उमटत नाही," फौजदार म्हणाले. "तुमचा नवरा कोण आणि तुम्ही पाहिला तो कोण, दोघांची नावं तोंडानं सांगा. मोठ्यानं."

चावडीभर गाव. मागं सासूबाई पुटपुटत होत्या, "नगं गं, सूनबाई... न्हाय, घे... घे बाई..."

मी पदर डोक्यावरून मागं केला.

"ह्या टोकाचा गणपा माझा नवरा आहे. तो मधला, लाल पागोट्याचा गणपा, दांडकं घेऊन पळाला. नीट लिहून घ्या, साहेब. पुन्हा विचारू नका. ह्यांचं आयुष्य मी एकदाच कमी करणार."