मायच्या जागेवर

सत्यशीलाबाईनं पोराचं नाव कुलदीप ठेवलं, तेव्हा तिला काय ठाऊक की कुळाचा हा दिवा जन्मभर दुसऱ्याच्याच तेलावर जळणार आहे. माझी चहाची टपरी नगर परिषदेच्या फाटकासमोर आहे. तिच्या बाकड्यावर हा दिवा मी रोज तेवताना पाहिला. अर्धा कप चहा, पायावर पाय आणि हातात मोबाईल.

आमच्याकडे सफाई कामगार निवृत्त झाला की त्याच्या जागी घरातला एक वारस लागतो. नियम चांगला आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण उपसली, त्यांच्या लेकरांना पक्की नोकरी नको का? पण कुलदीपनं त्याचा अर्थ असा लावला की मायची नोकरी संपेपर्यंत आपण काडी इकडची तिकडे करायची नाही. मामानं राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे काम बघून दिलं, तर हा म्हणाला, "टेम्परवारी कोन करते? मले तं पर्मनंट लागाचं हाये." मुलगी बघायला गेला, तिथं सासऱ्यानं विचारलं, काय करता? यानं छाती काढून सांगितलं, "वारस हाव." आणि धानोऱ्याच्या त्या भोळ्या माणसानं आपली रिना याला दिली. खायला काळ अन् भुईला भार, त्याच्या पदरात पोरगी टाकली.

सत्यशीलाबाई बाजारातला मोठा रस्ता झाडायची. नाल्याही काढायची. गुडघे गेले, तरी कामावर यायची. हा तिच्यामागे लागलेला असायचा, "माय, अनफिट घेऊन टाक ना. डॉक्टरचा कागद मी आनतो." म्हणजे आजारी म्हणून आधीच घरी बस, माझी नोकरी कशाला अडवून ठेवली! ती म्हणायची, "माही नौकरी मी पुरी करीन. तू तुहं पाह्य."

पण गुडघ्यांना कोण समजावणार? शेवटची दोन वर्षं तिच्यासोबत पहाटे रिनाही झाडायला लागली. तोंडाला ओढणी बांधून यायची, अर्धा रस्ता ती झाडायची आणि अर्धा सासू. मुकादमाला दिसत होतं, पण तोही माणूसच, तो पलीकडे बघायचा. दोघी काम आटोपून टपरीवर यायच्या, तेव्हा महाराज नुकतेच दात घासून आलेले असत. बायकोनं हात धुवायच्या आत विचारायचा, "डबा बनवला का?"

निवृत्तीचा महिना आला, तसा हा फुलायला लागला. दोस्तांना बाकड्यावर बसवून एकदा सगळा बेतच सांगितला. मायचे ग्रॅच्युइटीचे पैसे आले की बुलेट घ्यायची. आणि नोकरी? "नौकरी आपल्या नावावर, झाडाले रिना जाईन. तिले आदत हाये." दोस्त हसले. मी हातातली गाळणी आपटली. माणसाला लाज नसते हे मला माहीत होतं, पण ती नसल्याचा इतका अभिमान मी पहिल्यांदाच पाहत होते.

संध्याकाळी मी सत्यशीलाबाईला शब्दन्‌शब्द सांगितलं. चहाडी म्हणा हवं तर. मला त्याचं काही वाटत नाही. ती नुसतीच गुडघा चोळत बसली.

शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं झाली. जे साहेब तिला कधी बसा म्हणाले नव्हते, त्यांनीच ती नगर परिषदेचा कणा आहे असं सांगितलं. मग आस्थापनेचा बाबू हेमराज म्हणाला, "बाई, वारस म्हनून कोनाचं नाव टाकू?" कुलदीप इस्त्रीचा शर्ट घालून पुढंच उभा होता. त्यानं केसांवरून हातही फिरवला.

"रिना," सत्यशीलाबाई म्हणाली. "माही सून."

"काऊन?" हा ओरडला. "पोरगा मी हाव का ते हाये?"

"झाडू ज्याच्या हाती, नौकरी त्याची."

"मी ना हरकतीची सही करतच नाई!"

"नोको करू. मंग कोनालेच नाई. बस तसाच."

आठ दिवस हा घरात रुसून बसला. पण रुसण्यालाही थोडीफार मेहनत लागते, ती याला झेपेना. घरात पगार येणार, मग तो कोणाच्या का नावानं येईना, एवढा हिशेब त्याला जमत होता. आयत्या बिळावर नागोबा, बीळ मायचं की बायकोचं हे तो कशाला बघेल? त्यानं सही केली. बुलेटचं मात्र राहिलं. मायनं हातात आलेले पैसे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवले, तेव्हा हा म्हणाला, "आता तं बसूनच राहाचं हाये, गुडघे कायले पायजेत?" हे वाक्य त्यानं माझ्यासमोर म्हटलं. उकळता चहा त्याच्या अंगावर गेला नाही, हे त्याचं नशीब.

काही महिन्यांनी रिनाची नेमणुकीची ऑर्डर आली. ती सासूला हात धरून टपरीवर घेऊन आली, पेढ्यांचा पुडा उघडला, मला दिला, हेमराजला दिला. बिचारीचा चेहरा किती उजळला होता! कुलदीपनं दोन पेढे उचलले आणि चावता चावता हेमराजला विचारलं, "हेमराजभाऊ, एक सांगा. समजा उद्या रिनाले काई कमीजास्त झालं, तं तिच्या जागेवर नवऱ्याले लागते का?"

रिना तशीच उभी राहिली. पुडा उघडाच होता.

हेमराज तसा बोलणारा माणूस नाही. पण त्यानं हातातला पेढा खाली ठेवला आणि म्हणाला, "कुलदीप, मागच्या साली तू मले मायबद्दल बी हेच इचारलं होतं. माय मेली तं निवृत्तीपेक्षा लवकर लागते का म्हनून."

कुलदीप हसायला बघत होता, "अरे, मी तं नियम इचारला..."

सत्यशीलाबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ती उठली.

"चाल रिना," ती म्हणाली. "जाता जाता बाजारातून घराले एक कुलूप घेऊ."