अकराव्याला हात

जनाआत्यावर अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता, अमरावतीच्या आमच्या मुलींच्या व्यायामवर्गात. सरकारी अन्यायांवर मी आजवर पुष्कळ पत्रके लिहिली. हा मात्र नागपुरात बसलेल्या कोणा साहेबाने केला नव्हता. मी केला. मी तिला खुर्ची दिली.

दुसरा अन्याय तीन आठवड्यांपूर्वीचा. सभेसाठी मी अकोल्याला गेले होते. जुन्या शहरात ज्यांच्याकडे उतरले त्यांनी चहाबरोबर वर्तमानपत्र पुढे केले, आणि त्यात आत्याबद्दल चार ओळी होत्या... ‘वृद्धापकाळाने निधन’. चहा तसाच राहिला. आधी रडू आले आणि मग, खरे सांगते, संताप आला. आत्या हिवतापाने गेली. पाच दिवस फणफणली आणि गेली. पंचविशीचा माणूस हिवतापाने गेला की आपण हिवताप लिहितो, नगरपालिकेला शिव्या देतो, गटारे उपसायला लावतो. सत्तरीची बाई त्याच तापाने गेली की लिहायचे ‘वृद्धापकाळ’. म्हणजे डासही सुटला आणि गटारही सुटले!

आत्या दर्यापूरकडची. काळ्या जमिनीत जन्मभर राबलेली. वय विचारले की म्हणायची, “मोठा दुष्काळ पडला तवा मी दोन लेकीयची माय होतो. करा आता हिशेब.” नवरा गेला, लेकी सासरी गेल्या, तेव्हा वकील असलेल्या भाच्याने तिला अमरावतीला आणले. वकीलसाहेब सज्जन माणूस. त्यांनी अगदी प्रेमाने तिच्या हातातली कळशी काढून घेतली, झाडू काढून घेतला, जाते बंद केले, देवळात जायलासुद्धा टांगा लावून दिला. दोन वर्षांत आत्याला जमिनीवरून उठायला दोन माणसे लागू लागली. घरचे म्हणाले, वय झाले. आत्या म्हणाली, “वय नाई झालं. गंजलो मी.” तिला दुसरे काही नको होते. जेवण झाले की पाटावरून आपले आपण उठायचे, कोणी बगलेत हात न घालता. एवढेच.

त्या सकाळी ती एकटी चालत वर्गावर आली. मी धावत जाऊन खुर्ची आणली. “आत्याबाई, आपण इथे सावलीत बसा. मुलींची कवायत बघा.”

“पाह्याले नाई आलो. कराले आलो.”

“या वयात? काही दुखलेखुपले तर...”

तिने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. माझेच पत्रक! ‘उठा!’ असा ठळक मथळा देऊन मी ते गावभर वाटले होते. तिला वाचता येत नव्हते. वकीलसाहेबांकडून तिने ते दोनदा वाचून घेतले होते. “हे तूच लिवलं ना वं पोरी? उठा म्हणून गावभर वाटतं, आन् मी उठाले आलो तं बसा म्हणतं?”

मुली फिदीफिदी हसल्या. भाषणे करणाऱ्या माणसाला हार कळायला उशीर लागतो. मी पुन्हा म्हटले, “आधी बसा तर खरे!”

“बसा म्हणतं तं बसतो. किती डाव बसू?”

आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून आत्या खाली वाकली. निम्म्यावर थांबली, वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या बैठकीला पोटऱ्या थरथरू लागल्या. तेव्हा मुलींचे हसणे थांबले होते. त्या मोजत होत्या.

मग ती रोज आली. तिच्यासाठी आणलेल्या त्या खुर्चीवर ती कधी टेकली नाही. पाठ धरून बैठका काढायची, आणि बसायच्या जागेवर आपल्या वहाणा ठेवायची. पहिल्या महिन्यात अर्ध्या बैठका, दसरा झाल्यावर पुऱ्या, थंडीत खुर्ची सोडून. लेझीम तिला शेवटपर्यंत जमली नाही. ताल तिचा, पावले तिचीच, आणि आम्ही चुकत आहोत असे तिचे ठाम मत. डावा खांदा कानाच्या वर जात नसे. “तो राहू दे. त्याच्यानं काय आभाळ पुसाचं हाय?” म्हणायची. मात्र जमिनीवरून उठताना कोणी हात पुढे केला की खवळायची. तिचा कायदा ठरलेला होता. “मले हात देवाचा असन तं आधी दहा मोज. अकराव्याले दे.” पहिल्या दिवसांत आम्ही अकरावर पोचायचो. पुढे सातावर काम भागू लागले. मग चारावर. वकीलसाहेबांच्या घरी जेवणानंतर सगळे हात धुवायचे सोडून मोजत बसायचे म्हणे!

अकोल्याला आमच्या वर्गाची कवायत ठेवली तेव्हा आत्या बरोबर निघाली. बडनेऱ्याला गाडी बदलली, तीही तिने आम्हा सर्वांच्या आधी. अकोल्याला स्टेशनवर तिच्यासाठी बैलांची दमणी उभी होती. तिने बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरापर्यंत आमच्याबरोबर चालत आली. मैदानावर अध्यक्ष गादीवर लोडाला टेकून बसले होते. आत्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. त्यांनी बसूनच भाषण केले: वयोवृद्ध मातेने आता श्रम करू नयेत, आसनावर बसून कन्यकांना आशीर्वाद द्यावा. आत्याने ऐकून घेतले. मग मैदानात जाऊन पंचवीस बैठका काढल्या. लोक मोजत होते. पंधराच्या पुढे तर असे ओरडत होते की मागची बैलजोडी बिथरली. समारोपाला अध्यक्षांना उठायचे होते. दोन कार्यकर्ते धावले. आत्याने त्यांना हाताने अडवले आणि अध्यक्षांना म्हणाली, “उठा, बावा. आमी दहा मोजतो.” अध्यक्ष आठावर उठले. घामाघूम झाले, पण स्वतः उठले, आणि उठल्यावर सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

शेवटची भेट तापाच्या चौथ्या दिवशी. अंथरुणावर उठून बसायला ती धडपडत होती. मी सवयीने मोजू लागले. मला रडू येत होते, त्यामुळे आकडे भराभर पडत होते. “इतक्या घाईनं काहून मोजून राहिली वं? गाडी सुटून राहिली काय?” म्हणाली. मी सावकाश मोजू लागले. सहा... सात... आठावर तिने आपला हात पुढे केला. “दे आता.” मी दिला. तो हात तिने मागितला होता. मी लादला नव्हता. मला आता तेवढेच समाधान आहे.

ती खुर्ची वर्गात आहे. बसायची जागा वहाणांच्या डागांखेरीज कोरी, पाठीची वरची पट्टी मात्र तिच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली. परवा एक नवी मुलगी बसायला निघाली, तर सगळ्या एकदम ओरडल्या.

वाचकहो, मला शोकसभा नको, तिच्या नावाचा हारही नको. आज तुमच्या घरी जेवणे झाली की कोणीतरी म्हातारे माणूस पाटावरून उठू लागेल. तुमचा हात आपोआप पुढे जाईल. तो मागे घ्या. दहा मोजा. सावकाश मोजा.