पोस्टानं शिकलेली गुप्तहेरी

बहात्तरच्या दुष्काळात कळंब-ढोकी रस्त्याच्या कामावर मी हजेरी घ्यायचो. मॅट्रिक झालो होतो, अक्षर बरं होतं, तेवढ्यावर काम मिळालं. पुढं पाऊसपाणी झालं, खडी फोडणारी माणसं आपापल्या रानात गेली आणि मी घरी बसलो.

त्या रिकामपणात एका हिंदी मासिकात जाहिरात दिसली. घरबसल्या गुप्तहेर व्हा, बारा धडे पोस्टानं, शेवटी ओळखपत्र. पत्ता दिल्लीचा होता. आज हसू येतं, पण तेव्हा मी तो कागद कापून उशाखाली ठेवला होता. धडे आले. निळ्या शाईत छापलेली फिकट पानं, अक्षरं पुसटलेली. शब्दकोश घेऊन मी ती वाचायचो. पाठलागाचा धडा आला तेव्हा सराव म्हणून बाजारातल्या एका दुकानदाराच्या मागं निघालो. मोंढ्यापर्यंत जाईस्तोवर चौघांनी विचारलं, "कुठं निघालास रं?" पाचवा तो दुकानदारच होता.

तरी मी बारा धडे पुरे केले. ओळखपत्राबरोबर सोलापूरच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. दिल्लीचे साहेब मार्गदर्शन करणार होते. स्टँडजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये आम्ही आठजण जमलो. एक कंपाउंडर, एक होमगार्ड, दोन मास्तर, एक यंत्रमाग कामगार, बाकी माझ्यासारखे बेकार. साहेब आलेच नाहीत. दुपारपर्यंत वाट पाहून आम्हीच एकमेकांना आपापलं शिक्षण सांगितलं, पत्ते उतरवून घेतले. तो यंत्रमाग कामगार इचलकरंजीचा होता, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. सातवा धडा त्याला तोंडपाठ होता. बेपत्ता माणसाचा शोध. निघताना त्यानं माझा हात धरला. "काय बी लागलं तर कळवा बगा. एकट्यानं हुईत नसतंय हे काम." परतीच्या एस्टीत मला पहिल्यांदाच वाटलं, आपलंही कुणीतरी आहे.

वर्षभर कुणी काही काम घेऊन आलं नाही. मग एक दिवस प्राथमिक शाळेतल्या बाई आल्या. गावाबाहेरच्या बुद्धविहाराजवळ त्या राहत. वडील धर्मांतराच्या सभेला जाऊन आलेले, त्यांनीच मुलीला शिकवलं. आईबाप लवकर गेले. धाकट्या भावाला बाईंनीच वाढवलं. तो माझ्याच रस्त्यावर खडी फोडायला होता. अंगठे उठवणाऱ्या त्या रांगेत सही करणारा तो एकटाच, म्हणून माझ्या नीट लक्षात होता. काम संपल्यावर तो गाव सोडून गेला.

"दादा, तुम्ही माणसं शोधायचं शिकलात म्हणं," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून पाच-सहा पोस्टकार्डं काढली. "दोन-तीन महिन्याला एक येतं. मी बरा आहे, काळजी करू नकोस. पत्ता न्हाय कधी."

"पत्ता का देत नसेल?"

"ते मलाबी कळंना. मला त्याला आणायचं न्हाय. कुठं आहे, काय खातो, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचंय."

मी कार्डं ठेवून घेतली. शिक्के पुसट होते. भिंग घेऊन दोन दिवस उन्हात बसलो. एका कार्डावर शेवटची दोन अक्षरं लागली, दुसऱ्यावर मधली. इचलकरंजी. आयुष्यात काही जमलं असेल तर ते हे, असं मला तेव्हा वाटलं. लगेच त्या माग कामगाराला पत्र लिहिलं. माहिती जितकी पूर्ण तितका शोध लवकर, असं सातव्या धड्यात होतं. म्हणून बाईंकडचा फोटो जोडला आणि नाव, आडनाव, गाव, समाज, हातावरची खूण, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "माणूस सापडला. लवकर या." खाली गल्लीचा पत्ता. मी शाळेत धावत गेलो. बाईंनी वर्गातल्या पोरांना पाढे म्हणायला लावले आणि त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

शनिवारी पहाटेची गाडी धरली. कळंबहून बार्शी, तिथून सांगली, सांगलीहून इचलकरंजी. बाईंच्या मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता. तो त्यांनी वर ठेवू दिला नाही. उतरलो तेव्हा दिवस कलला होता. आमचा माणूस, तो माग कामगार, स्टँडवर उभा होता, धुतलेला शर्ट घालून. गल्लीकडं जाताना तो उत्साहानं सांगू लागला.

"त्यानं हितं आडनावच बदललंतं! मी फोटो दावला, तर घरमालकीण म्हणती, हे तर आमचं भाडेकरू, अमक्या आडनावाचं. म्या म्हटलं, न्हाई ओ मावशी, तुमची फसगत झालीया. ह्यो माणूस त्या गावचा, त्या समाजाचा. कागदच दावला की तुमचा."

मी थांबलो. बाई थांबल्या नाहीत. त्या पुढं चालत राहिल्या, फक्त पावलं हळू झाली. त्या क्षणी मला सगळं कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता. मला खोली मागताना आडनाव लपवावं लागलं नव्हतं. कुणाला लागत असेल, हे बारा धड्यांत नव्हतं आणि माझ्या डोक्यातही नव्हतं.

घरमालकीण दारातच भेटली. मागची खोली उघडी होती, फरशी ओली, भिंतीला ताजा चुना.

"गेला त्यो. आठ दिस झालं," ती म्हणाली. "दीड वरीस आमच्या माठातलं पाणी पिला, सणाला ताटाला ताट लावून बसला. इचारलं तर मान खाली घालून हुबा. माझ्या मालकांनी सामान गल्लीत टाकलं."

"मारलं का त्याला?" बाईंनी विचारलं.

मालकिणीनं बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "तुम्ही कोण?"

"बहीण."

ती दोन पावलं मागं सरकली. आत जाऊन दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

आमचा माणूस भिंतीला टेकून खाली बसला होता. "मला वाटलं, मी चांगलं करतोय," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. त्याच्यावर रागवायचं मला कसं जमणार? पत्र माझंच होतं. मग भाऊ कामाला होता त्या मागावर आम्ही गेलो. तिथंही बातमी त्याच्याआधी पोचली होती. तो हिशेबालासुद्धा फिरकला नाही, असं शेजारच्या मागावरच्या माणसानं सांगितलं. कुठं गेला, कुणाला माहीत नव्हतं.

परतताना बाई खिडकीकडं बसल्या. बार्शी जवळ आली तेव्हा मी शेवटी म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

"तुम्ही शोधलंत की," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर कार्ड आलं नाही. दोन महिने, चार महिने, वर्ष. बाई शाळा सुटल्यावर पोस्टात जायच्या, खिडकीतला माणूस त्यांना पाहूनच मान हलवायचा. इचलकरंजीच्या माणसाची तीन पत्रं आली, मी एकालाही उत्तर लिहिलं नाही. ओळखपत्र चुलीत घातलं. पुढं मला खरेदी-विक्री संघात बियाण्याच्या गोदामावर नोकरी लागली, लग्न झालं, चारचौघांसारखं सगळं झालं.

बाईंची बदली सास्तूरकडं झाली. बऱ्याच वर्षांनी उस्मानाबादच्या स्टँडवर भेटल्या. केस पांढरे झाले होते. मी चहा आणला, त्यांनी घेतला. मी चाचरत म्हणालो, "ती सोलापूरच्या मेळाव्यातली माणसं अजून आहेत. त्यांचे पत्ते आहेत माझ्याकडं. नाशिक, पुणे, नगर... पुन्हा एकदा लिहून बघू का?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि हात जोडले. माझ्यापुढं, भर स्टँडात.

"नको दादा. कुठं खोली मिळाली असंल त्याला, तर राहू द्या."