सरांची पद्धत चालेनाशी झाली तेव्हा

मी ट्रेडिंग करते असं कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. महिन्याला किती सुटतात, आणि एखादी टिप देशील का. पहिल्याचं उत्तर दर महिन्याला वेगळं असतं आणि टिप माझ्याकडे नसते. असती तर आधी मीच वापरली असती.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी परचेसला होते. कंपनीनं कारखाना गुजरातला हलवला आणि आम्हाला हिशेब करून घरी पाठवलं. चाळिशीनंतर नोकरी शोधणाऱ्या बाईला जे ऐकावं लागतं ते मीही काही महिने ऐकलं. मग फोनवर ट्रेडिंग सुरू केलं. शिकले असं म्हणता येणार नाही. व्हिडिओ बघायचे आणि बटण दाबायचं. जे जायचं ते त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगायचे. त्यामुळे घरात भांडणं झाली, पण संशय शिरला नाही.

त्या काळात डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये मोफत कार्यशाळा होती, म्हणून गेले. मंचावरचा माणूस स्वतःच्या नफ्याचे फोटो पडद्यावर दाखवत होता. चहा झाल्यावर त्यानं कोर्सची फी सांगितली. आजच भरली तर निम्मी. माणसं उठून टेबलाकडे जायला लागली, मीही पर्स उघडली. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, अकाउंट्सला तू चांगली होतीस. तुला एवढं कळू नये?"

बारावीला मला कॉमर्स शिकवणारे सर शेवटच्या रांगेत बसले होते. केस पांढरे झालेले, बाकी तसेच.

"हा माणूस एवढा कमावतो, तर रविवारचा आपल्याला चहा का पाजतोय?" ते म्हणाले.

"मग तुम्ही इथे कसे, सर?"

"मी दर वेळी येतो. चहा बरा असतो. आणि बाजारात सध्या कोण नवीन येतंय ते बघता येतं."

रिटायर झाल्यापासून सर रोज ट्रेडिंग करत होते. कल्याणला घाऊक बाजारात त्यांच्या मित्राचं धान्याचं दुकान होतं आणि वरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. म्हणाले, "फी भरू नकोस. माझ्याकडे येऊन बस. बसलीस की अर्धं कळेल."

मी बसायला लागले. कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंची सकाळची वंदना, मग टीव्ही, मग शेजारणी. स्क्रीनकडे सलग दहा मिनिटं बघणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा कल्याणची ती खोली बरी, फक्त उन्हाळ्यात खाली मिरचीची पोती आली की आम्ही शिंकून बेजार व्हायचो.

आम्ही म्हणजे सर, मी आणि टिटवाळ्याचा एक जण. तो तिशीचा. आधी मोबाईलच्या दुकानात सेल्समन होता. बोलायला फटाफट, बोटं त्याहून फटाफट. मला ताई म्हणायचा आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायचा.

खोलीचा नियम एकच होता. साडेतीनला बाजार बंद झाला की कॉम्प्युटर बंद करायचे आणि प्रत्येकानं आपला दिवस सांगायचा. पहिलं वाक्य 'मी'नं सुरू झालं पाहिजे. "आज मार्केटनं मारलं" हे चालायचं नाही.

"मार्केट तुला ओळखत नाही," सर म्हणायचे. "तू काय केलंस ते सांग."

"मी घेतला, पडला. परत घेतला, परत पडला," टिटवाळ्याचा सांगायचा.

"दुसऱ्यांदा का घेतलास?"

"पहिला गेला म्हणून, सर."

"हे कारण झालं का?"

नाही, असं तो मान हलवून सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचा. मला मात्र त्या अर्ध्या तासाचा उपयोग झाला. संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलायचंय हे माहीत असलं की दुपारी हात आपोआप आखडतो. दोन सौदे चुकले की मी स्क्रीन बंद करून खाली भाजी घ्यायला जाऊ लागले. वर्षभरात मी तोट्यातून बाहेर आले. कंपनीच्या पगाराएवढं कधी सुटलं नाही, पण घरात माझ्या नावावर पुन्हा काही येऊ लागलं.

सरांची पद्धत आमच्यापेक्षा वेगळी होती. ते सकाळी ऑप्शन विकायचे आणि दुपारी परत घ्यायचे. सोपं करून सांगायचं तर, बाजार आज फार हलणार नाही अशी ती पैज. दिवस शांत गेला की विकलेल्या मालाची किंमत आपोआप उतरते, मग तो स्वस्तात परत घ्यायचा आणि मधला फरक आपला. बाजार एकदम पळाला तर तोटा, आणि तो वाढायच्या आत ठरलेल्या आकड्याला सौदा मिटवून तोडायचा. कितीतरी वर्षं सरांनी हेच केलं होतं. त्यांचा दिवस सांगून व्हायला एक मिनिट लागायचं. आमचे किस्से, त्यांची एक ओळ.

मग बाजाराची चाल बदलली. आधी नियम बदलले. आठवड्याच्या एक्स्पायऱ्या, म्हणजे सौदे मिटायचे ठरलेले दिवस, कमी झाल्या, एकेका सौद्याचा आकार वाढला, हाताशी जास्त भांडवल ठेवावं लागू लागलं. त्यात बाहेरच्या देशांतल्या बातम्या. रात्री तिकडे कोणीतरी काही बोलायचं आणि सकाळी आपला बाजार उघडतानाच खाली किंवा वर उडी मारलेला असायचा. कधी दुपारपर्यंत मेल्यासारखा पडून राहायचा आणि दोननंतर अचानक धावत सुटायचा. सरांची शांत दिवसाची पैज धावत्या बाजारात रोज फसू लागली.

एकदम मोठा फटका कधीच बसला नाही. बसला असता तर कदाचित लवकर कळलं असतं. रोज थोडं जायचं. साडेतीनला सर त्याच आवाजात सांगायचे, "मी नियमाप्रमाणे विकले, नियमाप्रमाणे तोडले. तोटा." महिने असेच गेले. टिटवाळ्याच्याला मात्र हा बाजार मानवला होता. तो विकायच्या ऐवजी घ्यायचा आणि पळत्या बाजारात घेणाऱ्याचं साधत होतं. त्यानं नवा फोन घेतला, बायकोला घेऊन महाबळेश्वरला जाऊन आला.

एक दिवस तो म्हणालाच, "सर, बुरा मत मानना, पण तुमची मेथड आता गेली. साईड बदला."

"पद्धत वाईट दिवसांसाठीच असते," सर म्हणाले. "चांगल्या दिवसांत कोणीही शहाणा."

"पण वाईट दिवस संपतच नाहीयेत ना."

त्या दिवसानंतर सर डबा खाली दुकानात मित्राबरोबर खाऊ लागले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सलग तोटे झाले. साडेतीनला त्यांनी आपली ओळ सांगितली आणि पिशवी उचलली. मला राहवलं नाही.

"सर, तुम्ही आम्हाला विचारता तसं एक विचारू?"

"विचार."

"ही शिस्त आहे की हट्ट?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात कोणी भलतंच विचारलं की ते खडू खाली ठेवून विचार करायचे, तसा चेहरा झाला. मग "उद्या बघू" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. किल्ली खाली दुकानात असायची, त्यामुळे आम्ही खोली उघडून बसलो, पण दोघांचंही लक्ष लागेना. सर फोन उचलत नव्हते. टिटवाळ्याचा म्हणाला, "ताई, तू जरा जास्तच बोललीस." मला वाटलं, बोलले ते बरोबरच होतं.

तरी संध्याकाळी मी काळा तलावाजवळच्या त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"झोपलेत," त्या हळूच म्हणाल्या. "दोन दिवस नुसते झोपतायत गं. आधी मी घाबरले. डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले काही नाही, झोपू द्या." त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, चहा टाकला. "गेले कितीतरी महिने हे रात्री उठून फोनवर परदेशातला बाजार बघायचे. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही, सवय आहे. काय झालंय ते तुला तरी माहीत आहे का?"

मी सांगितलं. बाजार बदललाय, सरांची पद्धत सध्या चालत नाही, आणि मी त्यांना काय विचारलं तेही.

काकू कपावर गाळणं धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हेच मी विचारलं असतं तर मला म्हणाले असते, तुला त्यातलं कळत नाही."

मला वाटलं त्या रागावल्या. पण त्यांनी चहाबरोबर चकली दिली आणि निघताना म्हणाल्या, "येत जा."

सर सोमवारी आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. कॉम्प्युटर सुरू केला नाही. खुर्ची उचलली आणि टिटवाळ्याच्याच्या शेजारी नेऊन ठेवली.

"मला शिकव," ते म्हणाले.

"काय, सर?"

"तू करतोस ते. घ्यायचं कसं."

तो एवढा गोंधळला की उभाच राहिला. "सर, शिकवायचं काय त्यात? चार्टवर कँडल दिसते, मी घेतो."

"दिसते म्हणजे नेमकं काय दिसतं?"

"म्हणजे... जोर दिसतो."

"आणि चुकलं तर कुठे सोडतोस?"

"ते आतून कळतं, सर."

"मला आतून कळत नाही. मला आकडा सांग."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं सौदा घ्यायच्या आधी मोठ्यानं आकडा सांगितला. कुठे घेणार, कुठे सोडणार. सर शेजारी बसून ऐकत होते, मध्येच 'का' विचारत होते. काही दिवसांनी त्यांनी स्वतः सगळ्यात लहान सौदा घेतला आणि बाजार वर जाताना खाली जाण्याची बाजू घेऊन बसले. नवशिका करतो तीच चूक. आम्ही दोघं हसलो. सरही हसले, पण कान लाल झाले होते. साडेतीनला म्हणाले, "मी उलटं बटण दाबलं. पुढे."

त्यांना ते घेण्याचं तंत्र कधीच जमलं नाही. स्वभावच नव्हता. पण बाजूला बसून बघताना त्यांना एक गोष्ट दिसायला लागली. पहिल्या तासात बाजार कसा वागतो त्यावरून तो दिवस शांत जाईल की धावेल याचा थोडा अंदाज येतो. मग ते तासभर काहीच न करता बसायचे. शांत वाटला तर आपल्या जुन्या पद्धतीनं विकायचे, तेही पूर्वीच्या निम्मं. नाहीतर "आज माझं काम नाही" म्हणून दुकानात मित्राशी गप्पा मारायला जायचे. आठवड्यातले बरेच दिवस त्यांचं काम नसायचं. तोटे थांबले. नफाही पूर्वीसारखा राहिला नाही.

त्याच सुमारास टिटवाळ्याच्याचा वाईट दिवस आला. सकाळी बाजार जोरात खाली येत होता. त्यानं आकडा सांगितला, खाली जाण्याच्या बाजूचा सौदा घेतला. बाजार तिथूनच उलटा फिरला. सोडायचा आकडा आला आणि गेला, त्यानं सोडलं नाही. सर खाली होते. मी म्हटलं, "अरे, तुझा आकडा गेला." तो "एक मिनिट, ताई" म्हणाला आणि आणखी घेतलं. मग आणखी. दुपारपर्यंत महाबळेश्वर आणि फोन सोडाच, वर्षभराचं सगळं गेलं. त्यानं लॅपटॉप मिटला आणि साडेतीनची वाट न बघता निघून गेला. जिन्यात सर भेटले तर त्यांच्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला. उशिरा, बाजार बंद व्हायच्या थोडं आधी, हात हलवत. सर आणि मी कॉम्प्युटर बंद केले. तो खाली बघत म्हणाला, "मी आकडा ठरवला होता. पाळला नाही."

मला वाटलं आता सर काहीतरी सांगतील. सांगायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. ते म्हणाले, "जेवलास का?"

नव्हता जेवला. आम्ही तिघं खाली उतरून कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. त्यानं मिसळ खाल्ली, पाव दोनदा मागवले. बायकोला अजून सांगितलेलं नाही म्हणाला. सरांनी त्याला तिथूनच फोन लावायला लावला. तो रस्त्यावर जाऊन बराच वेळ बोलत उभा होता आणि आम्ही आत चहा थंड होईपर्यंत बसलो. परत आला तेव्हा डोळे लाल होते, पण खांदे सैल झाले होते.

त्यानं ट्रेडिंग सोडलं. टिटवाळ्यात नव्या इमारतींची कामं जोरात आहेत, तिथल्या एका बिल्डरच्या ऑफिसात तो फ्लॅट विकतो. मी आणि सर अजून बसतो. सर कमी, मी जरा जास्त. माझेही महिने सारखे जात नाहीत, आणि बाजार पुन्हा बदलला तर मला किती लवकर कळेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून अलीकडे ठाण्यात एका सीएकडे दुपारनंतर जीएसटीचं कामही धरलंय. नवऱ्याला ते आवडलं. सासूबाई म्हणाल्या, "ऑफिसात पंखा आहे ना? मग जा."

गेल्या महिन्यात टिटवाळ्याचा पेढे घेऊन खोलीवर आला. पहिलं मोठं कमिशन मिळालं होतं. अंगावर कंपनीचा टी-शर्ट, हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा. सरांना पेढा देऊन माझ्याकडे वळला.

"ताई, कळवा सोड आता. टिटवाळ्याला ये. वन बीएचके, गॅलरी, समोर डोंगर."

"स्टेशनपासून किती लांब?"

"रिक्षानं दहा मिनिटं."

"खरं सांग."

तो सरांकडे बघून हसला. "वीस," म्हणाला. "पावसात पंचवीस धर."