दादांची खोली

वायफाय दुरुस्त करायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. डोकं फिरलेलं होतं माझं. तीन दिवस कंपनीला फोन करत होतो आणि मागच्या खोलीत दादांचा, म्हणजे माझ्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचा, टीव्ही दर दोन मिनिटांनी अडकत होता. कीर्तन थांबलं की ते खाटेवर काठी आपटायचे.

तो दारात आला तसा अंथरुणावरच्या दादांचे हाल सांगत मी त्याला फैलावर घेतलं. त्याने शांतपणे चपला काढल्या, रुमालाने तळपाय पुसले आणि मोबाईल निरांजनासारखा तळहातावर धरून हॉलमधून मागच्या खोलीकडे निघाला. स्वयंपाकघरात मांडणीपाशी थांबून त्याने स्टीलच्या एका डब्यावर टिचकी मारली.

"ह्या डब्यांनी अन् भिंतींनी सिग्नल अडतोय. राउटर मागं घ्यावा लागंल."

"जमणार नाही," मी ओरडलो. "आमचा मोठा टीव्ही हॉलमध्ये आहे."

तो डोळे वर करून म्हणाला, "मग राउटर ऱ्हाऊ द्या, साहेब. बाबांची खाटच हॉलमधी आना की. तिथं रेंज लई चांगली हाय."

मी त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढलं. लगेच त्याच्या ऑफिसला फोन लावला, तुमचा माणूस उद्धट आहे म्हणून. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "नक्की काय बोलला तो?"

मी फोन ठेवून दिला.

खाट अजून मागच्याच खोलीत आहे. आणि त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही.