बाटलीवरचं नाव

सादिरबेकला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या मते खरा आजार होता डॉक्टरीणबाईंच्या स्वभावाला. घोड्याचं चरबीदार मांस नको, मीठ नको, पालेभाजी खा. 'मी काय घोडा आहे?' असं तो गावभर विचारत फिरे. अलीकडे मात्र पाय सुजत होते, आणि हा गप्पिष्ट माणूस दिवसदिवस भिंतीकडे बघत बसे.

शेवटी बाईंनी लघवी आणि संडास तपासायला मागवलं. बाटल्या घेऊन गेली सून झिपार. नर्सने विचारलं, "कोणाचं?" आता किर्गिझ सून सासऱ्याचं नाव घेते थोडीच! "घरातल्या थोरल्यांचं," ती पुटपुटली. नर्स शहरातली. तिने वैतागून झिपारचंच नाव चिकटवलं.

अहवाल आला. साखरेने किडन्या खराब होऊ लागल्यात, पोटातले चांगले जंतू घटलेत. हे जंतू बिघडले की किडन्यांवर ताण येतो, मनही उदास होत असावं, असं बाईंचं म्हणणं. औषध ताबडतोब हवं.

सादिरबेकने कागद वाचला आणि त्याची कळी खुलली.

"अरेरे, झिपार! एवढ्या तरुणपणी? तू पथ्य सांभाळ हो. मी चाललो कुरणावर, घोडींची धार काढायला."

"मामंजी, चेष्टा पुरे. बाटली कुणाची ते तुम्हाला ठाऊक आहे."

"कागदावर माझं नाव कुठंय? तू घे की. घेतलंस तर मुकाट्याने दवाखान्यात येतो."

हा शब्द त्याने चार म्हाताऱ्यांसमोर दिला. त्याची बायको मरेपर्यंत त्याचं नाव न घेता नांदली होती, मग ही काय घेणार? तो निर्धास्त होता.

दुसऱ्या दिवशी गावातले म्हातारे घोड्यांवर बसून उन्हाळी कुरणाकडे निघाले. सादिरबेक सगळ्यांच्या पुढे. वर तंबूत उन्हाळाभर मांस आणि घोडीचं आंबवलेलं दूध, टोकायला कुणी नाही. झिपार पिठाच्या हातांनीच मागे धावली. "मामंजी, थांबा," म्हणाली. सगळे म्हातारे वळले, तो सोडून.

"सादिरबेक!"

झिपारने डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरला आणि ती रडायला लागली.

सादिरबेकला वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. पण घरातल्या बाईच्या तोंडून हे नाव त्याने आई गेल्यापासून ऐकलंच नव्हतं. ती अशीच जिवाच्या आकांताने हाक मारायची. तो खाली उतरला आणि लगाम सुनेच्या हातात दिला.

"चल दवाखान्यात," तो म्हणाला. "आणि आता घेतलंच आहेस, तर जेवायला बोलावतानाही घेत जा."